काटा उतरला तेव्हा

१

आमच्या घरात दिवसाचं पहिलं पाणी गाडीला. मग देवाला, मग मालकांच्या दाढीला, आणि उरलंच तर बायकामाणसांना. दुष्काळाचा दुसरा उन्हाळा चालू होता. सोलापुरात नळ आला तरी घागर भरेपर्यंत टिकायचा, मग नुसता खाकरायचा. तरी मागच्या पडवीत तांब्याचा एक हंडा काठोकाठ भरलेला असायचा. वर फळी, फळीवर दगड. लग्न होऊन आले त्या दिवशी तहानेनं मी त्यात फुलपात्र बुडवायला गेले, तर सासूबाईंनी मागून मनगट धरलं.

"त्यातलं न्हाई घ्यायचं, सूनबाई. गाडीचं हाय ते."

सासूबाईंचं नाव रंभाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांनी मनगट सोडलं तेव्हा माझ्या दोन बांगड्या वाढल्या होत्या. त्यांनी वाकून काचा वेचल्या, आणि एखादी हंड्यात तर पडली नाही ना, तेवढं नीट पाहून घेतलं.

नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये म्हणतात, लिहायला हरकत नसावी. मानसिंगराव बांधकामाचे ठेके घेत. बिजवर होते. माझं माहेर करकंबचं, आमचं गुऱ्हाळ होतं. ऊस वाळला, चुलाण विझलं, आणि अशा वर्षी चालून आलेल्या स्थळाला वडिलांनी वय विचारलं नाही. "मोटार आहे त्यांच्याकडं," असं मध्यस्थ म्हणाला, तेव्हा घरातले सगळे गप्प झाले. मीही झाले. मी तशी गप्पच असते.

मोटार म्हणजे कुणा मिलच्या साहेबानं जाताना विकून टाकलेली जुनी काळी विलायती गाडी. तिच्यात पहिल्यांदा बसले तेव्हा मानसिंगरावांनी मला कामाला लावलं. स्टिअरिंगच्या बाजूला एक गोल घड्याळासारखं होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा सी. म्हंजे थंड. हा एच. म्हंजे गरम. काटा मदोमद असला की इंजिन खुशीत. एचकडं निघाला की मला सांगायचं. मी रस्त्याकडं बघू का काट्याकडं?"

मी मॅट्रिक झालेली. सी आणि एच मला येत होते. मी मान हलवली.

समजावून मात्र चांगलं सांगत. इंजिन तापतं, त्याची आग पाणी घेतं, पुढच्या जाळीत येऊन वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा आत जातं. काटा चढला तर गाडी सावलीला उभी करायची, बॉनेट उघडून ठेवायचं, बिड्या ओढत बसायचं. हात लावता येईल इतकी जाळी निवली की मगच तिचं झाकण काढायचं. आधी काढलं तर आतली वाफ सगळं पाणी घेऊन तोंडावर येते.

त्यांना सगळं माहीत होतं. थांबणं तेवढं जमत नव्हतं.

त्या पहिल्याच फेरीत मी खिडकीतून सिद्धेश्वराच्या तळ्याचा तळ बघत बसले. भेगा पडल्या होत्या, त्यात मुलं उतरून खेळत होती. उलट्या हाताची एक कानाखाली बसली, तेव्हा वळून बघितलं.

"काटा," मानसिंगराव म्हणाले. पुढं मी खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

२

माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात एक टाक होता. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिली बायको गेलेल्या माणसाशी लग्न केलं, की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर बाईचा ठसा. नाकडोळे नसतात, डोईवरचा पदर तेवढा कळतो. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. कुंकू आधी तिला, घास आधी तिला. मग ती कोपत नाही. आमच्या घरात तिला थोरली म्हणत. नाव कुणी घेत नसे. सवतीशी माझं काही भांडण नव्हतं. घरात माझं ऐकून घेणारी ती एकटीच होती.

माझी खोली आणि गाडीची पत्र्याची शेड यांच्यामध्ये एकच भिंत. गाडी बाहेरून आली की निवताना इंजिन टिक्‌टिक्‌ वाजतं. आधी भरभर, मग सावकाश, मग एखादाच ठोका, मग झोप लागते. त्या आवाजाची मला सवय झाली होती. घरात तो एकच आवाज असा होता की तो आला म्हणजे कुणीतरी शांत होतंय असं वाटायचं.

एका दुपारी मानसिंगराव रेल्वेनं पुण्याला गेले होते. गाडी आदल्या दिवसापासून जागची हललेली नव्हती. आत्याबाई माजघरात घोरत होत्या. मी भिंतीला पाठ लावून पडले होते आणि टिक्‌ असं ऐकू आलं.

पत्रा तापला असेल, म्हटलं. मे महिना आहे, पत्रे वाजणारच.

पण पत्रा असा वाजत नाही. टिक्‌. बऱ्याच वेळानं टिक्‌. मग जरा लवकर. मग आणखी लवकर. निवताना आवाज सावकाश होत जातो. हा वाढत चालला होता. पाठीला भिंत हळूहळू ऊबदार लागायला लागली, तेव्हा मी उठले.

शेडमध्ये उभं राहवत नव्हतं, इतका पत्रा तापलेला. मी बॉनेटवर हात ठेवला. माठासारखं गार. मे महिन्यात, पत्र्याखाली, इतकं गार की हात काढावासा वाटेना. दार उघडून आत बघितलं. किल्ली नव्हती, ती आत्याबाईंच्या कनवटीला असायची. काटा मात्र एचच्या पलीकडं जाऊन शेवटच्या खिळ्याला टेकला होता आणि तिथं थरथरत होता, दारावर कुणी आतून बोटं वाजवावी तसा.

गाडीत वास येत होता. शिजवलेल्या हळदीचा. स्वयंपाकघरातून येत असेल म्हणावं, तर त्या दिवशी आमच्याकडं चुलीवर फक्त भात झाला होता.

संध्याकाळी अंगावर पाणी घेताना (घेतलं म्हणायचं, ओला फडका फिरवला) छातीवर टाकाएवढा लाल गोल दिसला. घामोळं असेल. उन्हाळ्यात चांदी तापतेच.

३

मानसिंगरावांना काट्याचं सांगितलं, तर त्यांनी नबीसाबला बोलावलं. नबीसाबचं मोटारदुरुस्तीचं दुकान विजापूर वेशीकडं. लुंगी, कानावर बिडी, आणि बोलणं असं की गाडीपेक्षा त्याचंच इंजिन चालू.

"काटा ब्येस्ट हाय, वैनी. ह्याला किल्ली नको, बॅटरी नको. ही बारीक नळी बघा, सरळ इंजिनात जाती. तिचं डोस्कं पान्यात बुडालेलं. पानी तापलं की काटा चढतो. पानी थंड, काटा खाली. पान्याशिवाय तो काय बोलत न्हाय."

"मग त्या दिवशी..."

"तुमी नवी नवरी. दुपारची झोप न्हाय झाली आसंल." असं म्हणून तो मानसिंगरावांकडं बघून हसला. मानसिंगराव हसले नाहीत, तेव्हा तोही घाईनं जाळीकडं वळला. "मालक, हितनं गळतंय. थेंब थेंब जातंय. वैनी, वाटीभर हळद आना."

"हळद कशाला?"

"विलायती बाई, देशी दवा. गरम पान्यात हळद फुगती अन्‌ भोकात जाऊन बसती. गाडीचं लगीन लावतो म्हना की."

मी वाटी घेऊन आले तेव्हा मानसिंगराव घरात गेले होते. नबीसाबनं झाकणावर फडकं टाकलं, मान पार खांद्यापलीकडं वळवली, आणि जाळी थंड असूनही हात लांब करून झाकण फिरवलं. पिवळी भुकटी आत सोडली. तोच वास वर आला.

"मागंही हळदच घातली होती?" मी विचारलं.

झाकण घट्ट बसवत तो खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, हे झाकन आपन उगडायचं न्हाय. कुनी बी सांगू दे." मग मोठ्यानं, घराकडं तोंड करून, "झालं बघा मालक, लगीन!"

दुपारी तांदूळ निवडताना मी आत्याबाईंना विचारलं, थोरली कशानं गेली.

"आडानी हुती," त्या म्हणाल्या. खडा वेचून बाजूला ठेवला. "गाडी उकळली बार्शीच्या रस्त्यावर. ही गेली झाकन काडाय, त्वांड पुडं करून. जाळीतलं समदं हिच्यावर. दवाखान्यात डाक्टर म्हनतो, भाजल्यालीला हळद कुनी लावली? म्या म्हनलं, बाबा, लावली न्हाय, गाडीतलीच हाय. कातड्यात बसली हुती. निगंना. कातडं निगालं, हळद न्हाय निगाली."

मी तांदळात हात घालून बसले.

"पर सवाशीन गेली," आत्याबाई म्हणाल्या. "हळदीनं पिवळी हून गेली. बायका पाया पडल्या की तिच्या."

"त्यांना झाकण काढायला कुणी सांगितलं?"

आत्याबाईंनी सूप आपटून कोंडा उडवला. "सांगावं लागतं व्हय कुनी? बाई म्हनल्यावर."

४

मग नवी पेठेतलं झालं.

देवीला जायचं ठरलं होतं. करमाळ्याची कमळाभवानी मानसिंगरावांची कुलस्वामिनी. दुसरं लग्न झालं की नवरीनं ओटी भरायची आणि टाकही देवीच्या पायावर ठेवायचा. देवीच्या ओटीला एक आणि मला एक लुगडं घ्यायला नवी पेठेत गेलो. संध्याकाळची गर्दी, टांगे, सायकली, माणसं. गाडी माणसांच्या चालीनं चाललेली. गाडी अशी रेंगाळली की जाळीला वारा लागत नाही. काटा चढायला लागला.

"काटा," मी म्हणाले.

पुढं कापसाच्या गाठींची हातगाडी आडवी झाली होती. ओढणारा बिरप्पा म्हणून कुणी होता. लोक त्याला नावानं ओरडून बाजूला हो म्हणत होते. चाक गटारीच्या फळीत अडकलेलं. तो खाली वाकून चाक उचलत होता. मानसिंगरावांनी हॉर्न दाबून धरला. बिरप्पानं मान वर केली आणि हसून म्हणाला, "जरा दमा की, मालक. गाडी माझी बी तापलीया."

लोक हसले.

मानसिंगराव उतरले. सीटखालून इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल काढलं. मला वाटलं चाकाखाली घालून मदत करणार. पहिला घाव पाठीत बसला. दुसरा चाक धरलेल्या बोटांवर. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये बोटं असली की कसा आवाज येतो, तो मला आधी माहीत नव्हता. बिरप्पा ओरडला नाही, हाताकडं बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता. मग तिसरा, तोंडावर. कापसाच्या गाठीला रक्त लागलं. लोक मागं सरले. दुकानदारांनी फळ्या ओढून घेतल्या. एकानं सुद्धा हँडल धरलं नाही. मीही दार उघडलं नाही.

मी काट्याकडं बघत होते. मला तेच काम दिलं होतं. आणि प्रत्येक घावाला काटा एक एक रेघ खाली येत होता. गाडी उभी, गर्दीत वारा नाही, जाळीतून वाफ फुसफुसतेय, आणि काटा एचवरून मध्याकडं येतोय. ते परत येऊन बसले तेव्हा तो मदोमद होता.

"बघ," हँडल पुसत म्हणाले, "निवली."

माझ्या छातीवर टाक इतका तापला होता की मी पदराआडून तो दोन बोटांनी उचलून धरला, पार घर येईपर्यंत. बोटांना फोड आले. उद्या म्हणशील उन्हानं, असं मी स्वतःला म्हटलं. सूर्य तर मावळला होता.

५

करमाळ्याला पहाटे निघायचं होतं. निघालो पहाटेच, पण टेंभुर्णीत मानसिंगरावांचं ठेक्याचं काम निघालं आणि तिथून हललो तेव्हा ऊन टळटळीत झालेलं. मोहोळच्या अलीकडंच एकदा थांबून गाडीला पाणी पाजावं लागलं होतं. गाडीचा हंडा मागं आत्याबाईंच्या पायांशी होता. तो रिकामा झाला होता, वळणावर घरंगळून त्यांच्या पायांवर आपटायचा. त्या त्याला थोपटून गप्प करायच्या.

नवं लुगडं सकाळी टाकाला लावून मग मी नेसले होते. हिरवं, पिवळ्या काठाचं.

टेंभुर्णी मागं पडली. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत होत्या. त्यांच्या हातोड्यांचा आवाज गाडीत येत होता, टिक्‌, टिक्‌, आणि मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. काटा मधल्या रेघेवरून निघाला.

"काटा," मी म्हणाले.

"दिसतंय." पुढं एक मालट्रक धूळ उडवत होता. त्यांना तो मागं टाकायचा होता.

"काटा एचवर आहे."

"ट्रक गेल्याबिगर थांबत न्हाय मी."

बॉनेटच्या फटीतून वाफेची एक दोरी निघाली. आत्याबाई मागून म्हणाल्या, "मानसिंगा, जरा दम खा की." तरी गाडी पळतच होती. ट्रक मागं पडला. आणि मग काटा थांबला. एचवर जरा थरथरला आणि खाली यायला लागला. मधल्या रेघेवर आला. तिथंही थांबला नाही. सीपर्यंत आला आणि सीच्या खाली जाऊन निजला.

मानसिंगराव हसले. लग्नानंतर इतके मोकळे हसलेले पहिल्यांदाच. "बघितलंस? वारा लागला. नुसती कोकलतीस."

"आईची किरपा," आत्याबाई म्हणाल्या आणि करमाळ्याच्या दिशेनं हात जोडले.

वाफही थांबली होती. इंजिनाची गुरगुर जाऊन कोरडा, खरखरीत असा आवाज राहिला होता. मला गुऱ्हाळ आठवलं. काहिलीत रस उकळत असतो तोवर तो बडबडतो. आवाज एकाएकी बसला की गुळव्या हातातलं टाकून धावतो, कारण तळ लागलेला असतो. माहेरी आम्ही पोरी त्या आवाजाला भीत नव्हतो. तो बसला की भ्यायचो.

टाक पोळत होता. पोलकं भेदून चामडी जळाल्याचा वास मला आला. वास माझाच होता.

"अहो, थांबवा," मी म्हणाले. "आत पाणी उरलं नाही. नळीचं टोक उघडं पडलंय. म्हणून काटा खाली आलाय."

लग्न झाल्यापासून मी एका दमात इतकं बोलले नव्हते. मानसिंगरावांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. तिथं काहीच नव्हतं. मग मूठ आली. ओठ दातांवर फाटला, डोकं दाराच्या काचेवर आपटलं, आणि त्याच क्षणी इंजिनात काहीतरी मोडल्यासारखा ठणका झाला. गाडी दोन हिसके देऊन आपली आपण थांबली.

काटा सीखालीच होता. शांत.

६

त्यांनी उतरून बॉनेट उघडलं. रंग जळाल्यासारखा वास आला. मग सीटखालचं हँडल घेतलं आणि तिथंही रस्त्यालगत खडी फोडत बसलेल्या बायकांकडं गेले.

बाभळीखाली त्यांचा माठ होता. म्हातारीशी एक बाई त्याच्यापुढं उभी राहिली. "मालक, ह्ये समद्या बायांचं प्यायाचं हाय. टँकर आता उद्या."

"बाजूला हो, म्हातारे."

"बजाबाई, दे जाऊ दे," मागून कुणीतरी म्हणालं. बजाबाई हलली नाही. त्यांनी हँडल तिच्या मनगटावर मारलं. ती खाली बसली, हात पोटाशी धरून. बाकीच्यांच्या हातोड्या थांबल्या. मानसिंगराव माठ उचलून घेऊन आले, दोन्ही हातांनी पोटाशी धरून, चालताना सांडू नये म्हणून हळूहळू. तो माणूस एवढ्या जपून चालताना मी कधी पाहिला नव्हता.

"उतर," ते म्हणाले. "माजे हात गुतल्यात. झाकन काड."

मी उतरले. ओठातलं रक्त पदराला पुसलं.

"निवू द्या," मी म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत."

"आत पानी न्हाय म्हनलीस न्हवं? मग भाजंल कशानं?"

पाणी नव्हतंच. ते मीच म्हणाले होते.

आत्याबाईही उतरून आल्या होत्या. माझ्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि पोळ्या लाटायला शिकवावं तशा आवाजात सांगायला लागल्या. "पदर गुंडाळ हाताला. दोन येढं घे. आदी आर्दा फेरा फिरव, मग दाबून धर. अन्‌ त्वांड बाजूला कर, पोरी. थोरलीनं त्वांड बाजूला केलं न्हाय. तिला म्या सांगितलं हुतं."

तेव्हा मला कळलं की बार्शीच्या रस्त्यावर त्याही होत्या.

मी पदर गुंडाळला. नवं लुगडं, कडक. जाळीवरची हवा काचेसारखी हलत होती. वाफ नव्हती, थेंब नव्हता. झाकण दिसत होतं, पितळी, कडेला हळदीचा वाळलेला थर. मी तोंड फिरवून हात पुढं केला.

हाताखाली पितळ लागलं नाही.

माझ्या हाताखाली हात होता. मी पुन्हा त्याच बाजूला बघितलं. बघायला नको होतं. झाकणावर आधीच एक हात होता, कोपरापर्यंत पिवळा. वरची चामडी ओल्या पोलक्याच्या बाहीसारखी मनगटाशी गोळा झाली होती, आणि त्या गोळ्यात हिरव्या बांगड्या रुतल्या होत्या. बोटं झाकणावर घट्ट होती आणि ती फिरवत होती. सावकाश. अर्धा फेरा. मग, सांगितल्याप्रमाणे, दाबून धरलं.

उन्हानं असं दिसतं. मार लागलाय डोक्याला. असं सगळं मी मनात म्हटलं, एकामागून एक. त्या हाताच्या वर दंड होता, दंडाच्या वर आणखी काही असणार. मी वर बघितलं नाही. मी माझा हात मागं घेतला आणि बाजूला झाले, देवळात पुढच्या बाईला वाट द्यावी तशी.

"काड की लवकर," मानसिंगराव म्हणाले, आणि माठ वर उचलून जाळीवर वाकले.

जाळीत दोन घागरी पाणी मावतं. आणि त्या वेळी तिच्यात थेंब नव्हता, हे मी कुठल्याही देवापुढं सांगेन. तरी ते आलं. पिवळं, जाड, उकळतं. माठ त्यांच्या हातात असतानाच फुटला. पहिला फटका डोळ्यांवर बसला. त्यांनी तोंड झाकायला हात नेले आणि हात काढले तेव्हा तोंडाचं काही हातांबरोबर आलं. ते ओरडत मागं सरले, खडीच्या ढिगावर पडले, आणि पाणी तिथवर गेलं. झाकण उडून गेलं होतं, दाब कधीच संपायला हवा होता, तरी ते थांबत नव्हतं. त्यांच्या अंगावरून, खडीवरून, रस्त्याच्या उतारानं वाहत राहिलं. ते उठायला बघत आणि हातांखालची खडी सरकून पुन्हा पडत. कपाळापासून पायांपर्यंत पिवळे झाले होते. शर्ट ओढून काढायला गेले. शर्ट एकटा आला नाही.

माझ्या पायांपाशी येऊन पाण्यानं दोन वाटा केल्या आणि ते बाजूनं गेलं.

बायका जागच्या हलल्या नाहीत. बजाबाई मोडलेलं मनगट धरून बघत होती. सकाळपासूनची तहानलेली माणसं होती ती. पण रस्त्यावरून पाणी वाहत असून एकीनंही ओंजळ धरली नाही.

छातीवरचा टाक गार पडला होता.

७

मघाच्या त्याच मालट्रकनं आम्हाला करमाळ्याला नेलं. सरकारी दवाखान्यात त्यांना आत घेतलं. आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. आतून आवाज येत होता. आधी भरभर, मग सावकाश. मग एखादाच. आत्याबाई जपमाळेसारखी गाडीतून काढून आणलेली किल्ली फिरवत होत्या. मग आवाज आला नाही, आणि डॉक्टर हात पुसत बाहेर येऊन आमच्याकडं न बघता जमादाराशी बोलले.

जमादार धोंडीराम नावाचे, पोट सुटलेले, सावकाश बोलणारे. टोपी काढून शेजारी ठेवली आणि आत्याबाईंना विचारलं, "आजी, उकळत्या गाडीचं झाकण काढलं कुणी?"

"सुनंनं," आत्याबाई म्हणाल्या.

जमादारांनी माझ्याकडं बघितलं. फाटलेला ओठ बघितला, कानाखालचा जुना वळ बघितला, आणि त्यांच्या मनात काय आलं ते मला दिसलं. नवऱ्याचा मार खाल्लेली बायको, आणि नवरा वाकलेला असताना काढलेलं झाकण. त्यातून काय होतं हे कळायला मला मॅट्रिकचीही गरज नव्हती. माझ्या बाजूनं बोलणारं त्या व्हरांड्यात कुणी नव्हतं. मीही नव्हते, झाकणावर कुणाचा हात बघितला म्हणून सांगणार होते?

"हात दाखव, बाई."

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी ते उजेडाकडं धरून उलटेपालटे केले. मनगटं बघितली. पदराचं टोक चिमटीत धरून बघितलं. ओठाच्या रक्ताचा डाग सोडला तर लुगडं कोरं होतं, हळदीचा एक शिंतोडा नव्हता.

"दोन बोटांना जुने फोड आहेत, तेवढेच," ते म्हणाले. "आजी, त्या माणसाच्या अंगावर चामडी राहिली नाही. झाकणाला हात हिचा असता तर हिच्यावर निदान एक थेंब तरी पडला असता. नीट आठवून सांगा. हिनंच काढलं?"

आत्याबाईंनी किल्ली फिरवायची थांबवली. मला वाटलं, आता माझ्याकडं बघतील. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं, व्हरांड्याच्या पायऱ्यांकडं, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ही न्हवं," त्या म्हणाल्या. "थोरलीनं."

"मग थोरली सून कुठाय? तिला बोलवा."

आत्याबाई बाकावर हळूच एका कडेला सरकल्या. आमच्या दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

जमादार त्या जागेकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी टोपी उचलून डोक्यावर घातली.

जागा जरा कमी पडत होती. मीही सरकले.